सरपटी

यंदाच्या मे महिन्यात आमच्या वाडीने चषक जिंकला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमची वाडी देवगड तालुक्यात, खाडीपासून वर चढून आल्यावर लागणाऱ्या सड्याच्या कडेला आहे. मधून एक व्हाळ जातो, पावसाळ्यात तो गर्जत वाहतो आणि उन्हाळ्यात त्यात नुसते काळे धोंडे उरतात, आणि त्याच्या पलीकडे दुसरी वाडी आहे. दोन्ही वाड्यांचे ग्रामदैवत एक, मूळ पुरुष एक, सातबाऱ्यावरची निम्मी नावे एक, आणि म्हणूनच भाऊबंदकीही पिढ्यान्‌पिढ्यांची. मृग लागण्याआधी, चाकरमानी मुंबईला परतायच्या बेतात असताना, या दोन वाड्यांमध्ये अंडरआर्म, म्हणजे हात खालून फिरवून चेंडू टाकण्याच्या, क्रिकेटचा सामना होतो. कातळाचा एक सपाट तुकडा झाडून घेतात, चुन्याने रेघा मारतात, बांबूंवर हॅलोजन चढवतात आणि ध्वनिक्षेपकावरून एक जण मालवणीत समालोचन करतो. गेली बरीच वर्षे धावांची वही माझ्याकडे असते. यंदा शेवटचा चेंडू उरला तेव्हा पलीकडच्या वाडीला जिंकायला सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू माझ्या पंधरा वर्षांच्या पुतण्याच्या हातात होता. त्याने एकदा सीमारेषेकडे पाहिले, एकदा माझ्या टेबलाकडे पाहिले, आणि गुडघा जवळजवळ कातळाला टेकेल इतके वाकून चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडला. टेनिसच्या चेंडूचा टप्पा पडला की एक पोकळ, ओळखीचा आवाज येतो. त्या रात्री त्याऐवजी कातळावर काहीतरी घासत गेल्यासारखी बारीक खरखर झाली, आणि समालोचक मध्येच गप्प झाल्यामुळे ती सगळ्यांना ऐकू आली.

फलंदाज डोंबिवलीला नोकरी करणारा, पंचविशीचा मुलगा होता. त्याने बॅट आडवी धरून चेंडू अडवला, वाकून उचलला, त्याला लागलेली तांबडी माती शर्टाच्या बाहीला पुसली, खेळपट्टीची पूर्ण लांबी चालत आला आणि तो चेंडू माझ्या पुतण्याच्या तळहातावर ठेवला. तो एक शब्दही बोलला नाही. पंचाने आयोजकांकडे पाहिले, आयोजकांनी नियमांचा कागद उलगडला, त्यावर आठ नियम होते आणि सरपटी चेंडूबद्दल त्यांत काहीच नव्हते. मी वहीतल्या शेवटच्या चौकटीत एक टिंब दिले.

निर्धाव चेंडूची खूण तेवढीच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर चषक दिसला नाही. रात्री मिरवणुकीने आणलेला तो सोनेरी मुलाम्याचा, हातभर उंचीचा चषक आमच्या घरी वर्षभर टीव्हीच्या बाजूला राहायचा होता. वहिनीने गोधड्या उन्हात घालण्यासाठी कपाट उघडले तेव्हा तो गोधड्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला सापडला. मी पुतण्याला मांगराकडे नेले आणि काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "काकानू, नियमात खय लिवलेला हा, सरपटी टाकूची नाय म्हणान?" मी गप्प राहिलो. कलमांखाली पडलेली सुकी पाने तो पायाने उकरत होता. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, तो म्हणाला, "आणि ती गोष्ट तुमीच सांगितल्यात मां."

त्याचे म्हणणे खरे होते. एप्रिलच्या अखेरीस वळवाचा पाऊस झाला, वीज गेली, आणि अंधारात बसल्या बसल्या मी त्याला मेलबर्नची ती गोष्ट सांगितली होती. मी ती एका लाजिरवाण्या दिवसाची गोष्ट म्हणून सांगितली. त्याने ती सामना कसा वाचवता येतो याची गोष्ट म्हणून ऐकली. एकच गोष्ट तोंडातून निघताना एक असते आणि कानात शिरताना दुसरी होते, हे इतकी वर्षे मुलांना गोष्टी सांगूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. तेव्हापासून ती गोष्ट मी मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहतो आहे, आणि ती नेमकी कुठून सांगायला हवी होती याचा शोध घेतो आहे.

मी सुरुवात केली होती ती शेवटच्या षटकापासून. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्नचे मैदान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातल्या अंतिम लढतींपैकी तिसरी लढत, दोघांची बरोबरी एक-एक अशी. ऑस्ट्रेलियाच्या २३५ धावा झाल्या होत्या आणि त्यात कर्णधार ग्रेग चॅपेल यांच्या ९० होत्या. त्या खेळीच्या मधल्या टप्प्यात मार्टिन स्नेडन यांनी सीमारेषेजवळ झेपावून त्यांचा झेल घेतला होता, पण झेल पाहिलाच नाही असे पंचांनी सांगितल्यामुळे चॅपेल खेळत राहिले. म्हणजे दिवस दुपारपासूनच नासला होता. शेवटच्या षटकात न्यूझीलंडला १५ धावा हव्या होत्या आणि चेंडू ग्रेग यांचे धाकटे भाऊ ट्रेव्हर यांच्याकडे होता. रिचर्ड हॅडली यांनी पहिल्या चेंडूवर चौकार मारला आणि दुसऱ्यावर ते पायचीत झाले. इयान स्मिथ यांनी दोनदा दोन-दोन धावा काढल्या आणि पाचव्या चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला. एक चेंडू उरला, बरोबरीसाठी सहा धावा उरल्या, आणि दहाव्या क्रमांकावर ब्रायन मॅकेक्नी आले. दुसऱ्या टोकाला ब्रूस एडगर १०२ धावांवर नाबाद उभे होते, आणि त्यांच्या वाट्याला आता एकही चेंडू येणार नव्हता. ग्रेग धाकट्या भावाजवळ गेले आणि अंडरआर्म टाकायला सांगितले. पंचाने फलंदाजाला तसे कळवले. यष्टिरक्षक रॉड मार्श यांनी नको म्हणून मान हलवली. समालोचन करत असलेले थोरले भाऊ इयान चॅपेल ध्वनिक्षेपकावरच म्हणाले की नाही ग्रेग, असे करता येणार नाही. ट्रेव्हर यांनी चेंडू हिरवळीवरून सोडला, मॅकेक्नी यांनी तो अडवला आणि बॅट फेकून दिली. त्या दिवशी मैदानात बावन्न हजारांहून अधिक माणसे होती.

तीन भावांमधली ही गोष्ट आमच्याकडच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. थोरला दूर मुंबईला असतो आणि चूक झालेली त्याला लांबून दिसते, मधला घर चालवत असतो आणि तोच निर्णय घेतो, धाकटा सांगितलेले करतो आणि पुढे जन्मभर त्या कामासाठी ओळखला जातो. आमच्या खोतीच्या जमिनीतल्या एका गडग्यावरून चाळीस वर्षे चाललेल्या वादात, रात्रीतून चिरे सरकवण्याचे काम ज्याने केले तो असाच घरातला सगळ्यांत धाकटा होता, आणि त्याला ते कोणी सांगितले हे दोन्ही वाड्यांना ठाऊक असूनही नाव त्याचेच झाले. ट्रेव्हर चॅपेल यांनी १९८३ च्या विश्वचषकात नॉटिंगहॅमला आपल्याविरुद्ध ११० धावा काढल्या आणि आपण तो सामना १६२ धावांनी हरलो. त्या स्पर्धेतला एकेक सामना तोंडपाठ असलेली माणसे माझ्या ओळखीची आहेत, पण ते शतक त्यांच्यापैकी कोणाच्याही तोंडून मी ऐकलेले नाही. त्यांचे नाव निघाले की बोलणे त्या एका घरंगळत्या चेंडूवर जाते. पुतण्याचा चषक गोधड्यांमागे पाहिला तेव्हा मला आधी ट्रेव्हर आठवले, ग्रेग नंतर.

मला ही गोष्ट ज्यांनी सांगितली ते माझे काका परळच्या एका गिरणीत कामाला होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी आले, ते एक ट्रंक, एक ट्रान्झिस्टर आणि क्रिकेटच्या असंख्य आठवणी घेऊन. पहाटे साडेपाचला ऑस्ट्रेलियातला खेळ सुरू व्हायचा, तेव्हा ते पडवीत बसून तारेचा एक तुकडा आंब्याच्या फांदीला अडकवायचे आणि लघुलहरींवरून येणारा आवाज खरखरीतून पकडायचे. आवाज मध्येच समुद्रात बुडाल्यासारखा खोल जायचा आणि पुन्हा वर यायचा. काकांनी मेलबर्नची गोष्ट मला कधीच एकटी सांगितली नाही. ते ती नेहमी जोडीने सांगत, आणि जोडीची दुसरी गोष्ट पुतण्याला सांगायची मी विसरलो होतो.

१९८०-८१ च्या त्या तिरंगी मालिकेत तिसरा संघ आपला होता. अंतिम लढतींपर्यंत आपण पोहोचलो नाही, पण कसोटी मालिकेसाठी आपला संघ तिथेच होता, आणि त्या अंडरआर्म चेंडूनंतर सहाव्या दिवशी त्याच मैदानावर, त्याच ग्रेग चॅपेल यांच्या संघाविरुद्ध तिसरी कसोटी सुरू झाली. दुसऱ्या डावात सुनील गावसकर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली. गावसकर ७० वर असताना ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज डेनिस लिली यांच्या चेंडूवर पायचीत दिले गेले, चेंडू बॅटला लागला आहे असे त्यांचे म्हणणे होते, आणि बोलाचाली झाल्यावर त्यांनी चौहान यांनाही सोबत घेऊन मैदान सोडायला सुरुवात केली. सीमारेषेपाशी व्यवस्थापकांनी चौहान यांना परत पाठवले म्हणून तो सामना वाचला. काका हे सांगताना जरा थांबत. गावसकर आमच्याकडे सगळ्यांना घरचे वाटतात, आणि घरच्या माणसाचा राग कसा सांगायचा हे काकांना अवघड जात असावे. मग ते घाईने चौथ्या संध्याकाळवर येत. ऑस्ट्रेलियाला १४३ धावा हव्या होत्या. करसन घावरी यांनी ग्रेग चॅपेल यांना पहिला चेंडू टाकला, तो उसळलाच नाही, खाली राहिला आणि त्यांच्या पायांमागून यष्ट्यांवर गेला. दुसऱ्या दिवशी मांडी दुखावलेल्या कपिल देव यांनी पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ वर संपला आणि आपण ५९ धावांनी जिंकलो. "खाली रवलो चेंडू," असे म्हणून काका हाताचा पंजा जमिनीलगत आडवा फिरवत. तो पंजा मला अजून दिसतो, गिरणीतल्या कामाने बोटांची पेरे जाड झालेला.

दहा दिवसांत एकाच मैदानावर दोन कर्णधारांचा तोल गेला. एकाला अडवायला सीमारेषेवर कोणीतरी उभे होते.

हे मी पुतण्याला सांगितले नव्हते. दुसरीही एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि ती आमच्या कातळाशी अधिक जवळची आहे. जगात इतरत्र, विशेषतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामधल्या टास्मान समुद्राच्या दोन्ही काठांवर, अंडरआर्म हा शब्द उच्चारला की १९८१ आठवते आणि माणसे मान खाली घालतात किंवा मुठी आवळतात. आमच्याकडे हाच शब्द एसटी थांब्यांवरच्या फलकांवर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. अंडरआर्म हा आमचा सणासारखा खेळ आहे, कारण आमची जागाच तशी आहे. अंगणाला खळे म्हणावे एवढेच ते असते, एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला कौलांचा उतार, समोर कलमे, आणि हापूसला मोहोर आलेला असताना वरून हात फिरवून टाकलेला चेंडू आणि त्यावर मारलेला फटका कोणाही बागायतदाराला परवडत नाही. म्हणून चेंडू खालून टाकायचा, पण त्याचा टप्पा पडला पाहिजे. त्या टप्प्यात सगळी विद्या असते. मनगट सोडताना किंचित वळवले तर चेंडू कातळावर पडून आत येतो, बोटांमधून सरकवला तर बाहेर जातो, आणि आमच्या वाडीत असे एक आजोबा होते की त्यांचा चेंडू टप्पा पडल्यावर क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा. क्रिकेटचा सगळा खेळ मुळात असाच होता. १८२२ मध्ये लॉर्ड्सवर जॉन विल्स यांनी हात खांद्याच्या बाजूला फिरवून चेंडू टाकला, पंचाने नो बॉल दिला, तेव्हा ते चिडून घोड्यावर बसून निघून गेले असे सांगतात. हात खांद्याच्या वर नेण्याची परवानगी १८६४ मध्ये मिळाली. त्यानंतरही १९१० च्या सुमारास इंग्लंडचे सिम्पसन-हेवर्ड दक्षिण आफ्रिकेत मॅटिंगच्या खेळपट्ट्यांवर खालून टाकलेल्या फिरकीने एका मालिकेत २३ बळी घेत होते. म्हणून मेलबर्नला हात खालून फिरला यात मला काही गैर दिसत नाही. चेंडूचा टप्पा काढून घेतला, समोरच्याला मारण्याची संधीच ठेवली नाही, गैर ते तिथे झाले. आमच्या लहानपणी सरपटी टाकली की नो बॉल, हे कोणी कागदावर लिहीत नसे. ते लिहावे लागेल असे कोणाला वाटले नव्हते, आणि कागदावर आठच नियम राहिले.

मेलबर्नच्या वेळीही नियमात ते बसत होते. ऑस्ट्रेलियाचेच माजी कर्णधार आणि समालोचक रिची बेनो यांनी त्याच संध्याकाळी दूरचित्रवाणीवर, मैदानावर आपण पाहिलेल्या सर्वांत वाईट गोष्टींपैकी ही एक आहे असे सांगितले. न्यूझीलंडचे पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी हे भ्याडपणाचे कृत्य म्हटले आणि ऑस्ट्रेलियाचा संघ पिवळ्या कपड्यांत होता हे योग्यच झाले असे सुनावले, कारण इंग्रजीत पिवळा हा भेकडाचा रंग. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनीही हे खेळाच्या परंपरेविरुद्ध असल्याचे मान्य केले. दोन दिवसांनी सिडनीत ऑस्ट्रेलियाने तो चषक जिंकला, पण त्या चषकाचे नाव आज किती जणांना सांगता येईल? नंतर एकदिवसीय सामन्यांत खालून चेंडू टाकण्यावर बंदी आली. आपण त्या वेळी मनाने पुरते थकलो होतो, कर्णधारपद सांभाळण्याच्या अवस्थेत नव्हतो, असे ग्रेग यांनी पुढे सांगितले. मला ते पटते. पुढे ते आपल्या संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हाचे दिवस आपल्या सगळ्यांना चांगलेच आठवतात, म्हणून आपल्याला त्यांच्याविषयी ममत्वाने विचार करणे जड जाते, पण त्या एका संध्याकाळपुरते मी त्यांना थकलेला माणूस मानायला तयार आहे. माझा पुतण्या थकलेला नव्हता. त्याला फक्त हरायचे नव्हते, आणि पंधराव्या वर्षी ते कोणाला हवे असते?

दुखावलेल्या बाजूकडे पाहताना मात्र मला एक दिवस फार मागे जावे लागते. मार्च १९४६ मध्ये वेलिंग्टनला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड पहिल्यांदा कसोटी खेळले. न्यूझीलंडचा पहिला डाव २ बाद ३७ वरून सर्व बाद ४२ असा कोसळला, दुसरा ५४ वर संपला, आणि सगळा खेळ दोन दिवसांत आटोपला. मग थोरल्या शेजाऱ्याने धाकट्याशी पुन्हा कसोटी खेळायला १९७३ चा डिसेंबर उजाडला. जवळजवळ अठ्ठावीस वर्षे. मधला समुद्र सुमारे २,००० किलोमीटरचा, त्याहून कितीतरी लांब ते कसोटी खेळायला इंग्लंडला, आफ्रिकेला गेले, आपल्याकडेही आले, पण शेजाऱ्याशी कसोटी खेळले नाहीत. आमच्याकडे पंक्तीत पान न मांडणे म्हणतात ते हेच. मार्च १९७४ मध्ये वेलिंग्टनला इयान आणि ग्रेग या दोघा भावांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, आणि त्याच महिन्यात ख्राइस्टचर्चला ग्लेन टर्नर यांच्या दोन शतकांच्या बळावर न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवले. तिथे रिचर्ड आणि डेल हे हॅडली बंधू खेळत होते, आणि १९४६ च्या त्या ४२ धावांच्या डावाचे कर्णधार होते त्यांचे वडील वॉल्टर हॅडली. सात वर्षांनी मेलबर्नला चेंडू घरंगळत गेला तेव्हा न्यूझीलंडच्या माणसांना एका सामन्याचा राग आला होता असे मला वाटत नाही. आम्हाला सहा धावा मारू देण्याइतकेही मोजत नाही काय, असा तो राग असावा. पलीकडच्या वाडीच्या मुलाने चेंडू पुसून तळहातावर ठेवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला तेच दिसले, आणि मी तरीही टिंब दिले.

दुखावलेला पक्ष नेहमीच स्वच्छ असतो असेही नाही. मॅकेक्नी हे रग्बीचेही मोठे खेळाडू. नोव्हेंबर १९७८ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध न्यूझीलंड मागे पडलेले असताना संघातल्या अँडी हेडन यांनी धक्का बसल्यासारखे अंग टाकून दिले, त्याच वेळी मिळालेल्या पेनल्टीवर किक मारून सामना १३-१२ असा जिंकून दिला तो मॅकेक्नी यांनी. वेल्समध्ये त्या जखमेची खपली अजून निघते. म्हणजे ज्याच्या वाट्याला सरपटी आली, त्याने कोणा तिसऱ्याच्या दुःखावर विजय मिळवलेला होता. आमच्या वाडीच्या तोंडूनही पलीकडच्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या एका धावबादची कहाणी अजून ऐकायला मिळते, आणि ती सांगणाऱ्यांचा आवाज चढतोच.

न्यूझीलंडने त्या चेंडूचे उत्तर मैदानात दिले. नोव्हेंबर १९८५ मध्ये ब्रिस्बेनला रिचर्ड हॅडली यांनी ५२ धावांत ९ बळी घेतले, तीन कसोटींत मिळून ३३, आणि नव्याने सुरू झालेला ट्रान्स-टास्मान चषक धाकट्या शेजाऱ्याने थोरल्याच्या अंगणातून उचलून नेला. त्या हॅडलींना काकांचे मुंबईतले मित्र १९८८ मध्ये वानखेडेवर पाहून आले होते. तिथे त्यांनी दहा बळी घेऊन आपल्याला हरवले होते, तरी ते मित्र कौतुकाने बोलत असत. त्यानंतर २००४ मध्ये एकदिवसीय सामन्यांसाठी जो चषक ठेवला गेला त्याला दोन घराण्यांची नावे मिळाली, चॅपेल-हॅडली चषक. मला या नावाचे सुरुवातीला नवल वाटायचे. ज्या घरातल्या एकाने चेंडू टाकायला सांगितला, दुसऱ्याने टाकला, तिसऱ्याने नको म्हटले, त्या घराचे नाव, आणि ज्या घरातला एक जण त्याच षटकात बाद होऊन परतला होता त्या घराचे नाव, असे दोन्ही एका धातूवर शेजारी शेजारी. आपण आणि आपला शेजारी टोरोंटोला १९९६ ते १९९८ या तीन वर्षांत ज्या चषकासाठी खेळलो त्याच्या नावात मैत्री हा शब्द घातला होता, आणि पुढच्या वर्षी कारगिल झाल्यावर तो चषक बंद पडला. मैत्रीचे नाव देण्यात घाई झाली असावी. भांडलेल्या घरांची नावे दिली की निदान भांडण विसरल्याचे सोंग करावे लागत नाही.

पहिल्याच वर्षी मेलबर्नला न्यूझीलंड जिंकले, सिडनीला ऑस्ट्रेलिया, आणि ब्रिस्बेनचा तिसरा सामना पावसाने धुतला, म्हणून चषक वाटून घ्यावा लागला. दोन महिन्यांनी ऑकलंडला पुरुषांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-ट्वेंटी सामन्यात शेवटच्या षटकात ग्लेन मॅग्रा यांनी वाकून अंडरआर्म टाकण्याचे नाटक केले, पंच बिली बाउडन यांनी फुटबॉलसारखे लाल कार्ड काढून दाखवले, आणि न्यूझीलंडचे प्रेक्षक खळखळून हसले. चोवीस वर्षे लागली, पण हसले. फेब्रुवारी २००७ मध्ये हॅमिल्टनला ऑस्ट्रेलियाने ३४६ धावा केल्या, मॅथ्यू हेडन १८१ वर नाबाद राहिले, न्यूझीलंडची अवस्था ४ बाद ४१ झाली, आणि तिथून क्रेग मॅकमिलन यांचे शतक व ब्रेंडन मॅकलम यांच्या ८६ धावांच्या जोरावर त्यांनी एक गडी आणि तीन चेंडू राखून तो सामना आणि ३-० अशी मालिका जिंकली. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियाने एकही सामना न हरता विश्वचषक जिंकला, पण त्या वर्षी शेजाऱ्याचा चषक त्यांच्या कपाटात नव्हता. काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मी त्यांना हॅमिल्टनचा धावफलक वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि उशीवर बोटाने काहीतरी मोजत राहिले.

या चषकाचे मला सर्वांत लख्ख आठवणारे दृश्य मात्र मार्च २०२० मधले, सिडनीचे आहे. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. चेंडू प्रेक्षागृहात गेला की खेळाडूच कठडा ओलांडून रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये शिरत आणि खाली वाकून तो शोधत. फटक्याचा आवाज एवढ्या मोठ्या मैदानात घुमून परत येत होता. ऑस्ट्रेलिया ७१ धावांनी जिंकले, पुढचे दोन सामने झालेच नाहीत, दोन्ही देशांच्या सीमा बंद होत होत्या आणि न्यूझीलंडचे खेळाडू घाईने घरी परतले. आमच्या वाडीतही त्या वर्षी मे महिन्यात सामना झाला नाही. चाकरमानी गावच्या शाळेत चौदा दिवस वेगळे ठेवलेले होते आणि पलीकडच्या वाडीने व्हाळावरच्या साकवाला बांबू आडवा बांधला होता. जेवणाचे डबे मात्र दोन्ही बाजूंनी त्या बांबूखालून सरकवले जात.

पुतण्याशी मी या सगळ्यातले थोडे थोडे बोलत गेलो, जूनमध्ये लावणीच्या वेळी, जुलैत छपरावर पाऊस कोसळत असताना. तो ऐकत असे. एकदा त्याने विचारले की ट्रेव्हरने नको म्हटले असते तर काय झाले असते. मी म्हटले, मॅकेक्नी यांनी षटकार मारला असता असे काही नाही, बहुतेक मारला नसताच, दहाव्या क्रमांकाचा फलंदाज, मैदान एवढे मोठे. त्यावर त्याने बराच वेळ काही विचारले नाही. मग म्हणाला, "म्हणजे तसो पण जिंकलेच असते." वहीतले ते पान मी उघडून पाहिले. टिंब जरा मोठे पडले आहे, पेन दाबून धरल्यासारखे, आणि शाई मागच्या पानावर उतरली आहे.

चतुर्थीला पलीकडच्या वाडीचे भजन आमच्याकडे आले. डोंबिवलीचा तो मुलगा पखवाज घेऊन आला होता. भजन संपल्यावर पुतण्याने सगळ्यांना उसळ आणि चहा दिला, आणि त्या मुलासमोर बशी ठेवताना त्याचा हात थोडा अडखळला. चषक कपाटातून बाहेर आला होता, पण टीव्हीजवळ नव्हता, माटवीच्या बाजूला कोपऱ्यात होता. त्या मुलाने तो पाहिला, चहा संपवला आणि विचारले, "चेंडू हा मां घरात?" पाऊस घटकाभर उघडला होता. दोघे खळ्यात उतरले, ओटीवरच्या दिव्याच्या उजेडात. पुतण्याने हात मागे नेऊन चेंडू टाकला, ओल्या जमिनीवर त्याचा टप्पा पडला, तो पोकळ आवाज आला, आणि त्या मुलाने मारलेला फटका माडांच्या वरून अंधारात गेला. मी ओटीवरून पाहत होतो. दोघांनी बॅटऱ्या आणल्या आणि व्हाळाच्या कडेच्या उंच गवतात वाकून चेंडू शोधू लागले, एक या बाजूने, एक त्या बाजूने, आणि बराच वेळ तो सापडला नाही.